पिराचं तेल

आमच्या गावात वेशीतून आत आलं की डाव्या हाताला मारुतीचं देऊळ लागतं. तिथून थोडं चढून वर गेलं की पिराचा दर्गा. दोन्हींच्या मधे एक जुनी चिंच आहे. तिच्या खालचा कट्टा देवळाचा की दर्ग्याचा, हे कुणी कधी ठरवलं नाही. सकाळी त्यावर म्हातारी माणसं बसतात, दुपारी शेळ्या बसतात आणि संध्याकाळी मोबाईल घेतलेली पोरं बसतात.

पीर कोण, कुठला, कोणत्या काळातला, हे विचाराल तर गावात धड कुणाला सांगता येणार नाही. पीरसाहेब, एवढंच. उसाची पहिली मोळी जशी मारुतीपुढे ठेवायची तशीच चिंचेवरून पुढे जाऊन पिराच्या पायरीवर ठेवायची. नवा बैल आणला की त्याला दोन्हीकडे फिरवून आणायचं. आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आले, तेही तसेच फिरवून आणतात. ड्रायव्हर पिराच्या चढावर ट्रॅक्टर बंद पडू नये म्हणून आधी मारुतीला नारळ फोडतो, असं आमचे मालक गमतीने म्हणतात.

मी या गावात लग्न होऊन आले ती १९८३ साली. माझं माहेर कडेगावच्या बाजूचं, म्हणजे मोहरम मला नवा नव्हता. कडेगावचे ते उंचच उंच ताबूत लहानपणी वडिलांच्या बैलगाडीत उभी राहून पाहिले होते. बांबू आणि रंगीत कागदांचे ताबूत एकमेकांच्या भेटीला निघाले की माणसांचा पूर लोटायचा. ताबूत हिंदूंचे किती आणि मुसलमानांचे किती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हां पोरींना एवढंच कळायचं, की भेट चुकली तर वर्ष वाया गेलं.

सासरी आल्यावर पहिल्याच गुरुवारी दिवेलागणीला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या हातात तेलाची वाटी दिली. म्हणाल्या, "चल, पिराला तेल घालून येऊ." आत मजारीपाशी बायका जात नाहीत. बाहेरच्या सोप्यात भिंतीला एक कोनाडा आहे, त्यात आमच्या घराचा पितळी दिवा. त्यात एक पळी तेल घालायचं, वात सारखी करायची, उदाच्या धुरात दोन क्षण उभं राहायचं आणि घरी यायचं. मोहरमला घरचे चार शेर गहू द्यायचे, पिराच्या चोंग्यांसाठी.

यामागे चमत्काराची गोष्ट असेल, असं मला वाटलं होतं. ती नव्हती. आमचे मालक सहा-सात वर्षांचे असताना त्यांना विषमज्वर झाला होता. घरात करणारं माणूस कुणी नव्हतं, कारण आत्याबाई स्वतः बाळंत होत्या. तेव्हा मुजावराची म्हातारी आई एकवीस दिवस आमच्या ओसरीवर मुक्कामाला राहिली. पोराच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या, पेज पाजली. ताप उतरल्यावर आत्याबाईंनी तिला लुगडं देऊ केलं. तिने घेतलं नाही. म्हणाली, "द्यायचंच असंल तर पिराला तेल घाल." तेव्हापासून तेल सुरू झालं.

लग्नाला दोन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आत्याबाईंनी पिराला नवस बोलला, की नातू होऊ दे, पाच मोहरम त्याला फकीर करीन. १९८६ च्या सुरुवातीला आमचा थोरला झाला. त्याच वर्षीचा भाद्रपद मला अजून आठवतो. गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. मारुतीपुढे मांडव घातलेला आणि वर दर्ग्यात पीर बसलेले. कत्तलच्या रात्री हलगी वाजत पंजे खाली आले ते मांडवासमोर थांबले. पोरांनी भोंगा बंद केला. मुजावरचाचाने मोरचेल आधी गणपतीपुढे बसलेल्या पोरांच्या डोक्यावरून फिरवला, मग माझ्या मांडीवरच्या तान्ह्याच्या. आरती झाली, शरबत वाटलं आणि पीर पुढे गेले. हे काही विशेष आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. बाळ रडायला लागलं म्हणून मी घरी निघून आले.

इथे एक गोष्ट सांगते, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते. मोहरमचं वर्ष चंद्राचं असतं, साधारण ३५४ दिवसांचं. आपलंही पंचांग चंद्राचंच, पण आपण मधूनमधून अधिक महिना घालून ते पुन्हा ऋतूशी जुळवून घेतो. पिराचं वर्ष तसं जुळवत नाहीत. म्हणून मोहरम दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरतो. कधी पेरणीत येतो, कधी ऊसतोडीत, कधी ऐन उन्हाळ्यात. तेहतीस वर्षांत आपले तेहतीस गणपती होतात आणि पिराचे चौतीस मोहरम. मग तो फिरून त्याच जागी येतो. सगळ्या ऋतूंचं शेत पाहणारा देव एवढाच, असं आत्याबाई म्हणायच्या.

थोरला चालता-बोलता झाल्यावर, १९८९ पासून, त्याला आम्ही फकीर करू लागलो. गळ्यात हिरवा दोरा, खांद्याला छोटी झोळी. पाच घरी जाऊन पसा-पसा धान्य मागायचं आणि ते दर्ग्यात नेऊन द्यायचं. ब्राह्मणाचं घर, माळ्याचं घर, आमच्या भावकीतलं घर, सगळे हसून झोळीत घालायचे. १९९० च्या हिवाळ्यात आत्याबाई गेल्या. पुढचे दोन मोहरम मी एकटीने केले. १९९२ ला चौथा झाला. एक राहिला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

१९९२ चा डिसेंबर आणि त्यानंतरचा जानेवारी सगळ्यांना आठवत असेल. मुंबईत माणसं मेली. आमच्या गावात एक खडासुद्धा कुणी मारला नाही. पण बोलणं बदललं. चिंचेच्या कट्ट्यावर दोन टोकांना दोन घोळके बसायला लागले. त्या उन्हाळ्यात शहरातले एक पाहुणे आमच्याकडे आले होते. गुरुवारी संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन निघाले, तेव्हा ते म्हणाले, "अजून हे चालतं होय तुमच्यात?" फक्त एवढंच. दटावलं नाही, भाषण केलं नाही. नुसते हसले.

मी वाटी आत नेऊन ठेवली. म्हटलं, पाहुणे जाऊ देत, मग घालू. पाहुणे गेले. पुढच्या गुरुवारी मला दर्ग्याकडे जायची लाज वाटली. मागच्या गुरुवारी का आली नाहीस, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? त्याच्या पुढच्या गुरुवारी लाज आणखी वाढली. मग मोहरम आला. थोरल्याची पाचवी फकिरी मी केली नाही, गहूही दिले नाहीत. मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण बोलले काही नाहीत. मला कुणी जबरदस्ती केली असती तर आज सांगायला बरं झालं असतं. कुणी केली नव्हती.

मोहरमच्या दुसऱ्या दिवशी मुजावराची बायको, आम्ही तिला चाची म्हणतो, नेहमीसारखी टोपलीवर फडकं टाकून दारात आली. चोंगे घेऊन. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे, वर खसखस लावलेले. नेहमी त्यात आमच्या घरचे गहू असायचे, त्या वर्षी नव्हते. तिने त्याचं नाव काढलं नाही. पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि गेली. ते चोंगे मी म्हशीच्या आंबोणात टाकले.

हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षापासून पोरं खायची. मी तोंडात घातला नाही, पण परतही पाठवला नाही. चोंगे दर मोहरमला येत राहिले. बंद झाले नाहीत. मुजावरचाचा वारले त्या वर्षीही आले.

अशी वर्षं गेली. पोरं मोठी झाली, थोरल्याचं लग्न झालं, त्याला दोन लेकरं झाली. तेलाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

२०१९ चा पूर आमच्या भागातली माणसं जन्मभर विसरणार नाहीत. २००५ चा पूर पाहिलेला होता, म्हणून पाणी पायरीच्या वर येणार नाही अशी सगळ्यांची खात्री. कोयनेतून पाणी सोडलेलं, वर पाऊस थांबायला तयार नाही. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. पोरी झोका बांधायच्या गडबडीत असताना पाणी खालच्या आळीत शिरलं. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या न्हाणीत गुडघाभर पाणी झालं तेव्हा आम्ही म्हशी सोडल्या आणि नातवंडांना खांद्यावर घेऊन निघालो. कुठे जायचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. गावात उंचावर एकच जागा होती.

दर्ग्याच्या सोप्यात आणि मागच्या पडवीत मिळून आम्ही तेवीस घरची माणसं सात रात्री राहिलो. म्हशी चिंचेला बांधल्या. मारुतीच्या गाभाऱ्यात पाणी आलं होतं, शेंदूर लावलेली मूर्ती छातीपर्यंत बुडाली होती. गुरवाने देवाची उत्सवमूर्ती उचलून वर आणली आणि चाचीने ती पिराच्या कपाटात, गलेफांच्या घडीवर ठेवायला सांगितली. सात दिवस मारुतीराया तिथेच होते.

चहूकडे पाणी आणि प्यायला पाणी नाही, ही अवस्था ज्याने भोगली त्यालाच कळेल. बोअरला वीज नाही, आडात गढूळ पाणी. पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी घागरीत धरून, फडक्याने गाळून, आधी लेकरांना द्यायचं. तिसऱ्या रात्री माझा धाकटा नातू तहानेने रडत होता. चाचीने त्याला मांडीवर घेऊन करबलाची गोष्ट सांगितली. इ. स. ६८० मधली. इमाम हुसेन आणि त्यांच्या बरोबरची लहान मुलं नदीच्या काठाशी असूनही शत्रूने त्यांना पाणी घेऊ दिलं नाही, तहानेने त्यांचे घसे सुकले. म्हणून मोहरमला शरबत वाटायचं, कुणी तहानलेलं राहू नये म्हणून. इतकी वर्षं ते शरबत मी प्याले होते, पण त्याचं कारण मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं. नातू झोपला. बाहेर कृष्णा घोंगावत होती.

त्याच रात्री चाची उठली. मी जागीच होते. तिने डब्यातलं तळाचं तेल पळीने काढलं आणि कोनाड्याकडे गेली. दिवा आमचा होता. आत्याबाईंचा. घासून लख्ख केलेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आज गुरुवार आहे.

मी म्हटलं, "चाची, हा दिवा..."

ती म्हणाली, "तुज्या सासूचा हाय. तिनं लावल्याला दिवा मी इजवू कशी?"

मला काही बोलवेना. मग तीच हसली आणि म्हणाली, "लई तेल निघतंय बग तुज्याकडं. हिशेब न्हाई ठेवला, न्हाईतर घरदार विकावं लागंल तुला." आजूबाजूला माणसं झोपलेली, म्हणून आम्ही दोघी पदर तोंडात धरून हसलो. मग मी रडले, तेही पदर तोंडात धरूनच. म्हशीची गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हस दूध देत हुती न्हवं? मग काय."

१२ ऑगस्टला बकरी ईद आली. तो श्रावणातला सोमवारही होता. चाचीच्या मुलाने त्या दिवशी दर्ग्यात काही कापलं नाही. नमाज झाली, आणि सगळ्यांसाठी एकाच मोठ्या पातेल्यात डाळ-भात शिजला. श्रावण पाळणारी माणसं घरात आहेत, एवढंच तो म्हणाला. उपवासवाल्या बायकांसाठी कुठूनसे भाजके शेंगदाणे आणि गूळ मिळवून दिला.

पाणी उतरल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. घराघरात हातभर गाळ, कुजलेल्या सोयाबीनचा आणि मेलेल्या जनावरांचा वास. त्यातच २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, आणि मोहरमचा दहावा दिवस १० सप्टेंबरला. तेहतीस वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले होते. मांडवाची जागा चिखलात. कुणीतरी म्हणालं, या वर्षी गणपती वर दर्ग्याच्या पडवीत बसवू.

यावर ग्रामपंचायतीत बैठक झाली ती चांगलीच तापली. आमच्यातली काही पोरं म्हणाली, गणपती पिराच्या दारात गेला तर मोबाईलवरून गावोगाव नाचक्की होईल. त्यांच्यातल्या, शहरात कामाला असलेल्या एका पोराचं म्हणणं, की पंजे बसवणंच आमच्या धर्मात बसत नाही असं जाणते लोक सांगतात, त्यात आणखी हे कशाला? दोघंही आपापल्या परीने मनापासून बोलत होते, हे मला मान्य केलं पाहिजे. निवृत्त गुरुजींनी पुष्कळ दाखले दिले. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी तिचा पहिला विसावा असतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान असून त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिरावरून आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागून एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, इतिहास झाला, पण साऊंड शिस्टीमचं काय?"

हसू पिकलं, पण गाठ सुटली नाही. तेवढ्यात दारातून चाची बोलली. ती कधी बैठकीला येत नाही. म्हणाली, "सात रात्री तुमच्या आया-भनी हितं निजल्या, तवा कुणी इडिओ काडला न्हाई. आता कशाला भ्यायचं?" आणि निघून गेली.

बैठकीने अखेर मधली वाट काढली. गणपती दर्ग्यातही नाही आणि चिखलातही नाही, चिंचेखालच्या कट्ट्यावर बसला. फूटभर उंचीची शाडूची मूर्ती. साऊंड सिस्टीम रद्द केली आणि ते पैसे शाळेतला गाळ काढायला दिले. शहरात काम करणारा तो पोरगा पंजांच्या मिरवणुकीत आला नाही. पण गाळ उपसायला चार दिवस रजा काढून थांबला. मला हेही बरोबर वाटलं. ज्याला जे पटतं तेवढंच त्याने करावं.

माझं मात्र एक काम राहिलं होतं. आमच्या कणगीतले गहू पुरात कुजून गेले होते. घरात होते ते सरकारने पूरग्रस्तांना दिलेले गहू. त्यातले मी पिराचे चार शेर वेगळे काढले, निवडले, धुऊन वाळवले. मग थोरल्याला हाक मारली आणि म्हटलं, "तुझी एक फकिरी राहिली आहे."

तो तेहतीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. चाचीने त्याच्या गळ्यात हिरवा दोरा बांधला, तो लहानपणीच्या मापाचा निघाला, म्हणून दोन दोरे जोडून बांधावे लागले. झोळीला नातवाच्या शाळेची पिशवी. त्याची बायको दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती आणि पोरं बापाच्या मागे पळत होती.

पाच घरी मागायचं असतं. त्याने पहिलं घर आमचंच धरलं. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, लाजला, आणि मोठ्याने म्हणाला, "पिराच्या नावानं वाढा, आई."

मी आत जाऊन गव्हाचा पसा भरून आणला. त्याने झोळीचं तोंड उघडं धरलं होतं. आत नातवाच्या शाळेची पेन्सिल राहिली होती, ती आधी काढून घेतली.